दाविदाच्या गादीचा वारस

बॅबिलोनच्या राजवाड्यातले कारकून हिशेबाला पक्के होते. कोठारातून कोणाला किती तेल दिले, ते ओल्या मातीच्या पट्टिकांवर टोचून ठेवायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट कोल्डवे या जर्मन पुरातत्त्वज्ञाने तिथे उत्खनन केले, तेव्हा इश्तार वेशीजवळच्या एका इमारतीत या पट्टिका हाती लागल्या. त्यांतल्या काहींचे वाचन एर्न्स्ट वाइडनर यांनी १९३९ साली प्रसिद्ध केले. शिधा घेणाऱ्यांत फिनिशियाचे सुतार आहेत, खलाशी आहेत, इजिप्तचे लोक आहेत. त्याच यादीत यहुदाचा राजा यहोयाखीन आहे आणि त्याचे पाच मुलगेही आहेत.

हा यहोयाखीन दाविदाच्या गादीवर बसला तेव्हा १८ वर्षांचा होता. तीन महिन्यांत नबुखद्नेस्सरच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातला. पोराने शरणागती पत्करली आणि इ.स.पू. ५९७ मध्ये आई, बायका, दरबारी आणि लोहार-कारागीर यांच्यासह त्याची रवानगी बॅबिलोनला झाली. त्याच्या जागी त्याचा काका सिद्कीया मांडलिक म्हणून बसवला गेला. पुढे त्यानेही बंड केले. इ.स.पू. ५८६ मध्ये शहर पडले, मंदिर जळाले, सिद्कीयाच्या समोर त्याच्या मुलांना मारण्यात आले आणि त्यानंतर त्याचे डोळे काढले गेले. चारशे वर्षांचे राजघराणे तिथे संपले. उरला तो परक्याच्या कोठारातून तेलाचे माप घेणारा यहोयाखीन.

या लोकांत राजा व्हायचा तोच मुळी तेलाने. आपल्याकडे राज्याभिषेकाला नद्यांचे पाणी लागे, तिथे ऑलिव्हचे तेल लागायचे. शमुवेल संदेष्ट्याने बेथलेहेमात इशायाच्या धाकट्या, मेंढरे राखणाऱ्या मुलाच्या डोक्यावर शिंगातले तेल ओतले आणि तो दावीद झाला. शलमोनाला गीहोनच्या झऱ्यापाशी सादोक याजकाने तेल लावले आणि रणशिंग फुंकले गेले. असा अभिषेक झालेला तो ‘मशीह’, ग्रीकमध्ये ‘ख्रिस्त’. त्या काळी या शब्दात गूढ असे काही नव्हते. गादीवर बसलेला, हाडामांसाचा, कर वसूल करणारा राजा म्हणजेच मशीह.

मग या घराण्यालाच एवढे महत्त्व कशासाठी? दाविदाने देवासाठी मंदिर बांधायचे मनात आणले तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला उलटा निरोप आणला, असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. तू माझ्यासाठी घर बांधायचे नाहीस, मीच तुझे घराणे उभे करीन आणि तुझी गादी कायमची टिकवीन, असा त्या निरोपाचा आशय. राजघराण्याच्या सोयीचे हे वचन आहे, हे उघड आहे. पण दावीद ही नुसती दंतकथा नव्हे. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान येथे १९९३ साली इ.स.पू. नवव्या शतकातला एक फुटका शिलालेख सापडला. तो एका शत्रुराजाचा आहे आणि त्यात यहुदाच्या राज्याचा उल्लेख ‘दाविदाचे घराणे’ असा आहे. शत्रूने आपल्या विजयाच्या दगडावर ज्याचे नाव कोरावे, ते घराणे शेजारपाजारच्या राज्यांना ठाऊक असणारच.

इ.स.पू. ५८६ नंतर प्रश्न सरळ होता. देवाने गादी कायमची म्हटली होती आणि गादी तर गेली. अशा वेळी कोणत्याही समाजाने वचन खोटे ठरवून मोकळे व्हावे. या लोकांनी तसे केले नाही. वचन खरे, पण त्याची मुदत पुढे आहे, असे ते म्हणू लागले. इशायाच्या तोडलेल्या बुंध्याला धुमारा फुटेल, बेथलेहेमातून पुन्हा एक शास्ता निघेल, तो गरिबांचा न्याय करील, अशी जुन्या संदेष्ट्यांची वाक्ये आता वेगळ्या कानांनी ऐकली जाऊ लागली. आधी राजाच्या बारशाला किंवा राज्यारोहणाला शोभावे असे जे काव्य होते, ते आता न आलेल्या राजाचे वर्णन झाले. माझ्या मते मशीहाच्या कल्पनेचा जन्म इथला, हद्दपारीतला. दाविदाचा वंश यरुशलेमात आणखी हजार वर्षे निवांत नांदला असता तर ‘मशीह’ हा एक दरबारी किताब म्हणून राहिला असता आणि कधीतरी विसरलाही गेला असता.

यहोयाखीन ३७ वर्षे बंदिवासात होता. नबुखद्नेस्सर मेल्यावर नव्या राजाने त्याला सोडले, कपडे बदलायला दिले आणि स्वतःच्या पंगतीला बसवले. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट याच प्रसंगावर आहे. पुढे इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने, म्हणजे मराठी बायबलमधल्या कोरेशने, बॅबिलोन घेतले आणि हद्दपारांना घरी जायची मुभा दिली. यशयाच्या पुस्तकात या परक्या, दुसऱ्या धर्माच्या बादशहालाच देवाचा अभिषिक्त म्हटले आहे! परतलेल्यांचा पुढारी होता जरूबाबेल, यहोयाखीनचा नातू. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने त्याला देवाच्या बोटातली मुद्रा म्हटले. म्हणजे झालेच, असे लोकांना वाटले असणार. मंदिर पुन्हा उभे राहिले, पण त्यानंतर जरूबाबेलचे नाव कागदावरून नाहीसे होते. इराणी सरकारने त्याला परत बोलावले, की तो साधेपणाने म्हातारा होऊन गेला, याचा कुठे उल्लेख नाही. दाविदाच्या वंशाचा माणूस सत्तेच्या इतका जवळ पुन्हा गेला नाही.

मधली शतके भराभर ओलांडता येतात. इराणी गेले, ग्रीक आले. त्यांच्यातल्या चौथ्या अंतियोख राजाने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर विटाळले, त्यावर मक्काबी बंधूंनी शस्त्र उचलले आणि तीन वर्षांत मंदिर परत घेतले. त्यांच्या घराण्याने पुढे यहुद्यांचे स्वतंत्र राज्य चालवले, आणि इ.स.पू. १०४ मध्ये पहिल्या अरिस्तोबुलसने राजा हा किताबही घेतला. राज्य मिळाले, पण राजा दाविदाच्या वंशातला नव्हता. तो याजकांच्या घराण्यातला होता आणि महायाजकाचे पद स्वतःकडेच ठेवून बसला होता. भाविकांना हे पटणे कठीणच होते. इ.स.पू. ६३ मध्ये याच घराण्यातल्या दोन भावांच्या भांडणात रोमचा पाँपी मध्यस्थ म्हणून आला आणि मालक होऊन बसला. मंदिराच्या परमपवित्र स्थानात वर्षातून एकदाच, एकट्या महायाजकाने जायचे असे; पाँपी तिथे सरळ आत गेला. त्या धक्क्यानंतर रचलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या यहुदी संग्रहात दाविदाच्या पुत्राची मागणी अगदी स्पष्ट आहे. त्याने परक्यांना हाकलावे, शहर शुद्ध करावे, पण घोडे, धनुष्य आणि सोने यांवर विसंबू नये.

त्याच सुमारास मृत समुद्राकाठी कुमरान येथे राहणारा पंथ एक नव्हे तर दोन मशीहांची वाट पाहत होता, एक याजक आणि एक राजा. त्यांच्या गुंडाळ्या १९४७ पासून गुहांमध्ये सापडत गेल्या आणि अभ्यासकांच्या लक्षात आले की ‘यहुदी मशीहाची वाट पाहत होते’ हे वाक्य फार ढोबळ आहे. कोणी राजाची वाट पाहत होते, कोणी याजकाची, कोणी मोशेसारख्या संदेष्ट्याची. पुष्कळ लोक कोणाचीच वाट न पाहता शेत नांगरत होते आणि कर भरत होते.

आता हेरोद. त्याची कथा रोममध्ये सुरू होते, यरुशलेमात नव्हे. इ.स.पू. ४० मध्ये मार्क अँटनीच्या सूचनेवरून रोमच्या सिनेटने त्याला यहुद्यांचा राजा हा किताब दिला. हा माणूस इदोमी कुळातला होता. तीन पिढ्यांपूर्वी त्याचे लोक सक्तीने यहुदी झाले होते. राज्य ताब्यात घ्यायला त्याला रोमची फौज लागली. नंतर त्याने मंदिर असे बांधून काढले की त्याच्या पायाचे दगड आजही लोक पाहायला जातात. त्याने बायको मारली, तीन मुलगे मारले. यांतले ध्यानात ठेवायचे ते एवढेच की ‘यहुद्यांचा राजा’ हा किताब त्या काळी रोमच्या मालकीचा होता. तो रोम देई आणि रोमच काढून घेई. ज्याला रोमने दिला नाही त्याने तो लावणे हा राजद्रोह होता आणि त्याची शिक्षा ठरलेली होती.

हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला आणि झाकण उडाले. जोसीफस या यहुदी इतिहासकाराने त्या वर्षाची हकिकत तपशिलाने दिली आहे. पेरिया प्रांतात हेरोदाचाच एक गुलाम, शिमोन नावाचा, धिप्पाड आणि देखणा, डोक्याला राजपट्ट बांधून उभा राहिला आणि त्याने यरीहोचा राजवाडा जाळला. अथ्रोंगेस नावाच्या मेंढपाळाने चार भावांना सेनापती नेमले आणि स्वतःला राजा म्हणवले. गालीलात यहूदा नावाच्या पुढाऱ्याने सेप्फोरिसचे शस्त्रागार लुटले. सिरियाचा रोमन सुभेदार वारुस सैन्य घेऊन उतरला. सेप्फोरिस जाळले गेले, तिथली माणसे गुलाम म्हणून विकली गेली आणि यरुशलेमभोवती सुमारे २,००० बंडखोरांना क्रूसावर चढवण्यात आले.

सेप्फोरिस नासरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवर आहे. येशू तेव्हा तान्हा असेल किंवा रांगत असेल, कारण बहुतेक अभ्यासक त्याचा जन्म हेरोदाच्या मृत्यूच्या थोडा आधीचा धरतात. म्हणजे तो ज्या खेड्यात वाढला, तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाने त्या शहराचा धूर पाहिला असणार. स्वतःला राजा म्हणवणाऱ्याचे पुढे काय होते, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

शुभवर्तमाने वाचताना ही पार्श्वभूमी समोर ठेवली की एक गोष्ट खटकते. येशू देवाच्या राज्याबद्दल सतत बोलतो, पण स्वतःला राजा म्हणवायचे टाळतो. भाकरी खाऊन तृप्त झालेली माणसे त्याला धरून राजा करायला निघाली तेव्हा तो एकटाच डोंगरात निघून गेला, असे योहान सांगतो. फिलिप्पाच्या कैसरियाजवळ, म्हणजे जिथे हेरोदाने सम्राट ऑगस्टसचे देऊळ बांधले होते त्याच मुलखात, पेत्र या शिष्याने त्याला ख्रिस्त म्हटले. मार्काच्या मते त्यावर येशूने शिष्यांना हे कोणालाही सांगू नका अशी ताकीद दिली आणि लगेच स्वतःच्या मरणाचे बोलू लागला. पेत्राला ते रुचले नाही. कसे रुचेल? मशीहाने मरायचे नसते, मशीहाने जिंकायचे असते.

आणि मग वल्हांडणाच्या आठवड्यात हाच माणूस शिंगरावर बसून यरुशलेमात शिरला. जखऱ्याच्या पुस्तकात राजा नम्रपणे गाढवावर बसून येतो असे वर्णन आहे आणि सणाला जमलेल्या लोकांना ते ठाऊक होते. इतके दिवस टाळलेली गोष्ट त्याने इथे, सर्वांच्या देखत, बोलल्याविना केली. वल्हांडण म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. त्यासाठी शहरात लोकांचे लोंढे यायचे आणि त्यामुळेच समुद्राकाठच्या कैसरियात राहणारा रोमन अधिकारी फौज घेऊन त्या दिवसांत यरुशलेमात मुक्कामाला यायचा. तो अधिकारी होता पोंतियस पिलात, कारकीर्द इ.स. २६ ते ३६. त्याचे नाव आणि ‘प्रिफेक्ट’ हे पद कोरलेला दगड १९६१ साली कैसरियात सापडला.

खटल्याचा तपशील चारही शुभवर्तमानांत सारखा नाही, पण एका मुद्द्यावर चौघांचे एकमत आहे. पिलाताने विचारलेला प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हता. तू यहुद्यांचा राजा आहेस काय, एवढेच त्याला हवे होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपले राज्य या जगातले नाही असे सांगतो, कारण तसे असते तर सेवकांनी लढाई केली असती. पिलाताला हे उत्तर समजले असेल असे वाटत नाही. सैनिकांना मात्र राजा हा शब्द पुरेसा समजला. त्यांनी त्याला जांभळे वस्त्र पांघरले, काट्यांचा मुकुट घातला आणि मुजरे केले. ती थट्टा रोमन पद्धतीची, म्हणजे राजद्रोह्याची होती.

क्रूसावर अपराधाची पाटी लावली गेली, यहुद्यांचा राजा म्हणून. योहान म्हणतो की ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती. मुख्य याजकांनी हरकत घेतली, मजकूर ‘मी राजा आहे असे हा म्हणाला’ अशा अर्थाचा हवा होता. पिलाताने तो बदलायला नकार दिला. पिलाताच्या मनात त्या मजकुराने यहुदी पुढाऱ्यांना डिवचायचे होते, असे मला वाटते. तुमचा राजा पाहा, असा त्याचा सूर. पण येशूबद्दल जे काही लिहिले गेले, त्यात शुभवर्तमाने आणि पत्रे यांच्याही आधीचे जर काही असेल तर ती ही पाटी. तिच्यावरचे शब्द एका सरकारी अधिकाऱ्याचे आहेत आणि त्यांत विश्वासाचा लवलेशही नाही. पुढे चित्रकारांनी लॅटिन शब्दांची चार आद्याक्षरे तेवढी ठेवली आणि ती जगभरच्या क्रूसांवर गेली.

हे इथेच संपायला हवे होते. त्या शतकातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी इथेच संपल्या. थ्यूदास नावाचा एक जण साधारण इ.स. ४५ च्या सुमारास लोकांना यार्देनेकाठी घेऊन गेला, नदी दुभंगेल म्हणाला. रोमन घोडदळ आले, त्याची पुष्कळ माणसे मारली किंवा पकडली गेली आणि त्याचे डोके कापून यरुशलेमला नेले. पुढारी मेला की अनुयायांपुढे दोन वाटा असतात, चळवळ सोडायची किंवा नवा पुढारी शोधायचा. येशूच्या मंडळीला तर वारस तयार होता. त्याचा भाऊ याकोब यरुशलेमात होता, धर्मनिष्ठ म्हणून नावाजलेला होता आणि इ.स. ६२ मध्ये महायाजकाने त्याला दगडमार करवला तेव्हा इतर यहुदीही नाराज झाले, असे जोसीफस लिहितो. दाविदाच्या वंशाचा दावा येशूला लागू असेल तर तो याकोबालाही लागू होता. तरी कोणीही याकोबाला ख्रिस्त म्हटले नाही. येशू उठला आहे, तोच राजा आहे आणि तोच परत येणार आहे, असे हे लोक सांगत राहिले. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण त्यांनी वारस नेमला नाही ही इतिहासातली गोष्ट आहे आणि तिचा विचार करावा लागतो.

बहुसंख्य यहुद्यांना हे पटले नाही आणि त्यांची बाजूही साधी होती. मशीह आला की परके जातात, अन्याय संपतो, जग बदलते. जग तर होते तसेच आहे. क्रूस रोमचा होता, खिळे रोमचे होते आणि रोमही जागेवरच होते. ख्रिस्ती उत्तर असे की राजा आला, पण राज्य दोन टप्प्यांत येते. वचनाची मुदत पुढे ढकलायची ही रीत त्यांनी हद्दपारीतल्या आपल्या पूर्वजांकडूनच घेतली होती. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीने केली आहे. १४ पिढ्यांचे तीन गट, पहिल्या सांध्यावर दावीद, आणि हद्दपारीच्या सांध्यावर तोच यहोयाखीन, तेलाचा शिधा घेणारा. यिर्मया संदेष्ट्याने तर त्याला शाप दिला होता की याच्या वंशातला कोणी दाविदाच्या गादीवर बसणार नाही. मत्तयाने तरी त्याला यादीतून वगळले नाही.

रोमन सत्तेला या लोकांचे काय करावे ते लवकर कळले नाही. थेस्सलनीका शहरात येशूचा प्रचार करणारा पौल आणि त्याच्या सोबत्यांवर आरोप झाला तो असा, की कैसराखेरीज येशू नावाचा दुसरा राजा आहे असे हे सांगतात. आरोप खोटा नव्हता. अंत्युखियात लोकांनी येशूच्या अनुयायांना नाव दिले ‘ख्रिस्ती’, म्हणजे कोणा पुढाऱ्याच्या गटाची माणसे म्हणतात तसे.

इ.स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध उठाव केला आणि राजाचा प्रश्न पुन्हा रस्त्यावर आला. मनाहेम नावाचा पुढारी राजवस्त्रे घालून मंदिरात आला आणि त्याच्याच बाजूच्या लोकांनी त्याला ठार केले. शिमोन बार गिओरा इ.स. ७० मध्ये शहर पडल्यावर पांढऱ्या अंगरख्यावर जांभळा झगा घालून, जळालेल्या मंदिराच्या जागी जमिनीतून वर आला आणि पकडला गेला. पुढच्या वर्षी रोममध्ये विजयाच्या मिरवणुकीत त्याला फिरवून मारले. या युद्धात लोकांना सगळ्यांत जास्त कशाने पेटवले, तर एका भविष्याने, असे जोसीफस म्हणतो. या देशातून जगाचा सत्ताधीश निघेल, असे ते भविष्य. जोसीफसने त्याचा अर्थ लावला तो असा, की यहुदी भूमीवर असताना सम्राट म्हणून घोषित झालेला रोमन सेनापती व्हेस्पेसियन हाच तो. तो स्वतः पकडला गेल्यावर व्हेस्पेसियनसमोर हेच बोलला आणि त्याचा जीव वाचला. टॅसिटस आणि सुएटोनियस या रोमन लेखकांनीही हा अर्थ मान्य केला आहे. मशीहाच्या वचनाचा इतका फायदेशीर उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

व्हेस्पेसियनचा धाकटा मुलगा डोमिशियन इ.स. ८१ ते ९६ सम्राट होता, संशयी स्वभावाचा. दुसऱ्या शतकातल्या हेगेसिप्पस या ख्रिस्ती लेखकाने त्याच्या काळातली एक हकिकत दिली आहे आणि चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसीबियसने ती आपल्या ग्रंथात जपून ठेवली. दाविदाच्या वंशातले लोक शोधून काढायचा हुकूम सुटला होता. कोणीतरी चुगली केली आणि येशूचा भाऊ यहूदा याचे दोन नातू सम्राटासमोर आणले गेले. तुम्ही दाविदाचे वंशज काय? त्यांनी होय म्हटले. मालमत्ता किती? दोघांत मिळून ९,००० दिनारांची, तीही रोकड नव्हे. ३९ प्लेथ्रा जमीन, तिच्यावरच घर चालते आणि कर भरला जातो. मग त्यांनी हात पुढे केले. शेतीने हातांना घट्टे पडले होते. सम्राटाने ख्रिस्ताच्या राज्याबद्दल विचारले, ते कुठे आणि कधी येणार. ते पृथ्वीवरचे नाही, स्वर्गीय आहे आणि जगाच्या अंती येईल, असे ते म्हणाले. डोमिशियनने त्यांना क्षुल्लक समजून सोडून दिले.

हकिकत ख्रिस्ती तोंडांतून आली आहे, तिला थोडी झिलई चढली असेल. पण तिच्यातली जमीन आणि कर मला खरे वाटतात. दाविदाच्या गादीचे हक्कदार म्हणवणारे दोघे सारा भरणारे शेतकरी होते, आणि सम्राटाने राज्य शोधायचे ते जमिनीच्या मापात शोधले.

यहुद्यांमध्ये तलवारीच्या मशीहाची शेवटची मोठी वेळ इ.स. १३२ ची. शिमोन बार कोसिबाने रोमविरुद्ध युद्ध पुकारले, स्वतःची नाणी पाडली आणि तीन वर्षे राज्य चालवले. रब्बी अकिबा यांनी त्याला राजा मशीह म्हटले आणि ‘ताऱ्याचा पुत्र’ या अर्थाने तो बार कोखबा झाला. योहानान बेन तोर्ता या दुसऱ्या रब्बीने अकिबांना परखड उत्तर दिले, तुमच्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल, अशा आशयाचे. १९६० आणि १९६१ साली यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या नहाल हेवेर येथील गुहेत बार कोसिबाची पत्रे सापडली. त्यांत रसदीच्या सूचना आहेत, धमक्या आहेत आणि मंडपाच्या सणासाठी फांद्या व फळे पाठवायचा हुकूमही आहे. युद्धाच्या धामधुमीतही त्याला सणाची काळजी होती. ख्रिस्ती लोक या युद्धात त्याच्या बाजूला उभे राहिले नाहीत, कारण त्यांना मशीह मिळालेला होता. जस्टिन या समकालीन लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे बार कोखबाने त्यांना त्यासाठी शिक्षा केल्या. इ.स. १३५ मध्ये बंड मोडले, सम्राट हेड्रियनने यरुशलेमचे नाव बदलून एलिया कॅपिटोलिना ठेवले आणि यहुद्यांना तिथे यायची बंदी केली. त्यानंतर दोन्ही समाजांच्या वाटा पुन्हा जुळल्या नाहीत.

पुढचे सर्वांना माहीत आहे आणि मला ते तितके रुचत नाही. इ.स. ३१२ नंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती पंथाला आपल्या पंखाखाली घेतले आणि घट्टे पडलेल्या हातांच्या जागी पुन्हा राजदंड आला. इ.स. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेत मान्य झालेल्या श्रद्धासूत्रात ख्रिस्ताच्या राज्याला अंत नाही हे कलम आहे. ते मान्य करणारी सभा सम्राटाने बोलावली होती. मग युरोपच्या राजांनी दाविदाचे तेलच उसने घेतले. इ.स. ७५१ मध्ये फ्रँक लोकांच्या पेपिनला तेलाचा अभिषेक झाला, आणि लंडनमध्ये २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सला जे तेल लावले गेले ते यरुशलेममध्ये पवित्र करून आणले होते.

दाविदाला दिलेले हे वचन मराठीत पहिल्यांदा सविस्तर आले ते गोव्यात. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रीने जवळपास अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत, पहिल्यात तारणाऱ्याची वाट पाहणारा जुना करार आणि दुसऱ्यात त्याचे येणे. स्टीफन्सचा श्रोता पुराण ऐकणारा होता आणि अवताराच्या कथेत अभिवचन व पूर्ती यांची जोडी त्याला नवी नव्हती. दाविदाचे घराणे त्याला ओवीतून भेटले.

पहिल्या महायुद्धाने जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया या तिन्ही देशांच्या सम्राटांना घरी बसवले, रशियाच्याला तर ठार केले. रोममध्ये मुसोलिनी सत्तेवर आला. तेव्हा, ११ डिसेंबर १९२५ रोजी, पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्त राजाचा सण सुरू केला. हुकूमशहांच्या काळात माणसांना खरा राजा कोण याची आठवण द्यावी, हा त्यांचा हेतू उघड होता. चर्चच्या हरवलेल्या सार्वजनिक अधिकाराची खंतही त्यात होती, हेही नाकारता येत नाही. सुरुवातीला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान येतो, वसईतही आणि गोव्यातही. त्या दिवशीचे शुभवर्तमान तीन वर्षांच्या फेऱ्याने बदलते. एका वर्षी न्यायाच्या दिवसाचा प्रसंग वाचतात, दुसऱ्या वर्षी पिलाताने विचारलेला प्रश्न, आणि तिसऱ्या वर्षी क्रूस व त्यावरची पाटी.